कारियाची आग, 1997: एका झडपेवाचून थांबलेली टोयोटा

1 फेब्रुवारी 1997 रोजी, शनिवारी पहाटे 4 वाजून 18 मिनिटांनी, जपानच्या आइची प्रांतातील कारिया शहरात, टोयोटाला ब्रेकचे भाग पुरवणाऱ्या आयसिन सेइकी या कंपनीच्या पहिल्या क्रमांकाच्या कारखान्यात आग लागली. सकाळी नऊच्या सुमारास ब्रेकचे भाग बनवणाऱ्या तेथील लाइन जवळजवळ पूर्णपणे नष्ट झालेल्या होत्या आणि त्यांच्यासोबत पाचशेहून अधिक खास बनवून घेतलेली यंत्रेही निकामी झाली होती. मंगळवारी, 4 फेब्रुवारीला, टोयोटाच्या जपानमधील तीसपैकी वीस असेंब्ली लाइन बंद पडल्या आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्याही बहुतेक थांबल्या. पुढच्या सोमवारी, म्हणजे 10 फेब्रुवारीला, टोयोटाचे उत्पादन पुन्हा नेहमीच्या, दिवसाला सुमारे 15,500 वाहनांच्या, पातळीजवळ आलेले होते. जळालेला कारखाना मात्र तोवर उभा राहिलेला नव्हता.

जस्ट-इन-टाइम पद्धतीवर, म्हणजे भाग लागेल तेव्हाच आणि लागेल तेवढाच मागवण्याच्या टोयोटाच्या पद्धतीवर, टीका करताना ही आग हमखास पुढे केली जाते आणि तिची बाजू मांडतानाही हीच आग दाखवली जाते. टीकाकार बंद पडलेल्या लाइनीकडे बोट दाखवतात, समर्थक आठवडाभरात पूर्ववत झालेल्या उत्पादनाकडे. दोन्ही बाजूंचे म्हणणे तथ्याला धरून आहे, पण दोघेही साठ्यावर गरजेपेक्षा जास्त भर देतात आणि यंत्रांकडे पुरेसे पाहत नाहीत, असे मला वाटते.

जळाले ते नेमके काय

कारियाच्या त्या कारखान्यात पी-व्हॉल्व्ह नावाची झडप तयार होत असे. गाडीचा ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढच्या चाकांवर झुकते आणि मागची चाके हलकी होतात. अशा वेळी मागच्या ब्रेकवरही पुढच्याइतकाच दाब राहिला, तर मागची चाके जाम होऊन गाडी गिरकी घेऊ शकते. म्हणून मागच्या ब्रेककडे जाणाऱ्या नळीत ही झडप बसवलेली असते आणि ठरावीक मर्यादेनंतर ती मागचा दाब पुढच्याच्या प्रमाणात वाढू देत नाही. आकाराने ती सिगारेटच्या पाकिटाएवढी असते. त्या काळी तिची किंमत प्रकारानुसार साधारण 770 ते 1,400 येन होती. तिच्याविना गाडी विकणे तर सोडाच, असेंब्ली लाइनवरून खाली उतरवणेही शक्य नव्हते.

दिसायला साधी असली तरी ही झडप बनवायला साधी नाही. धातूच्या छोट्या ठोकळ्यात आतल्या आत एकमेकांना मिळणारी, काही ठिकाणी निमुळती होत जाणारी छिद्रे अत्यंत काटेकोर टॉलरन्समध्ये (मापात चालणाऱ्या फरकात) पाडावी लागतात. छिद्राची भिंत किंचित खरखरीत राहिली किंवा आत बारीक बर (कापताना उरलेली धातूची कड) अडकून राहिली, तरी ब्रेकच्या दाबात फरक पडतो. प्रत्येक मॉडेलचे वजन आणि त्या वजनाची पुढे-मागे विभागणी वेगळी असल्यामुळे झडपेचेही अनेक प्रकार होते. आयसिनने हे काम त्यासाठीच घडवून घेतलेल्या यंत्रांवर बसवले होते. ठोकळा एका टोकाने आत जाई, ठरलेल्या क्रमाने एकेका स्थानावर त्याच्यावर काम होई आणि दुसऱ्या टोकाने तो बाहेर पडे. अशा लाइनवर भाग स्वस्त पडतो आणि एकसारखा निघतो. या पद्धतीच्या बळावर आयसिनने दर्जा आणि किंमत या दोन्ही बाबतींत इतकी आघाडी घेतली होती, की टोयोटाला लागणाऱ्या पी-व्हॉल्व्हपैकी जवळपास 99 टक्के झडपा तीच पुरवत होती. दिवसाला सुमारे 32,500 झडपा ती टोयोटाच्या कारखान्यांकडे रवाना करत असे.

एका महत्त्वाच्या भागासाठी शक्यतो एकाहून अधिक पुरवठादार ठेवण्याकडे टोयोटाचा एरवी कल असे. पी-व्हॉल्व्हच्या बाबतीत हा नियम हळूहळू शिथिल झाला होता. तो एखाद्या बैठकीत विचारपूर्वक मोडला गेला असे नाही. प्रत्येक नव्या मॉडेलच्या वेळी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा पर्याय आयसिनचाच ठरत गेला, आणि अनेक वर्षांच्या योग्य निर्णयांची बेरीज होऊन सगळा पुरवठा एकाच आवारात गोळा झाला. खरेदी विभागाचा कोणताही एक निर्णय वेगळा काढून तपासला, तर त्यात दोष सापडणे कठीण आहे.

कानबानमध्ये साठा किती धरलेला असतो

आगीच्या वेळी टोयोटाकडे पी-व्हॉल्व्हचा साठा दोन ते तीन दिवस पुरेल इतकाच होता. जस्ट-इन-टाइम म्हणजे शून्य साठा असा समज रूढ असला, तरी या पद्धतीत साठा असतो. तो हिशेबाने ठरवलेला असतो आणि तो हिशेब कशासाठी केलेला आहे, हे समजून घेणे या प्रकरणात गरजेचे आहे.

पेटी रिकामी झाली की तिच्यासोबतचे कानबान नावाचे कार्ड पुरवठादाराकडे परत जाते आणि तेवढाच माल मागवते. समजा, एखाद्या लाइनला दिवसाला 800 नग लागतात. कार्ड सुटल्यापासून भरलेली पेटी परत येईपर्यंत अर्धा दिवस जातो आणि एका पेटीत 20 नग बसतात. मग या अर्ध्या दिवसासाठी 400 नग, म्हणजे 20 पेट्या फिरत्या हव्यात. वाहतुकीला होणारा थोडाफार उशीर किंवा एखाद-दुसरा सदोष नग लक्षात घेऊन त्यावर 10 टक्के सुरक्षा-साठा धरला, तर 22 पेट्या आणि 22 कानबान कार्डे होतात. काही आठवडे सुरळीत गेले की पर्यवेक्षक त्यांतले एक कार्ड काढून घेतो आणि नेमके कुठे अडते ते पाहतो. जिथे अडते, तिथली अडचण दूर केली जाते. साठा कमी करण्यामागे गोदामाचे भाडे वाचवण्यापेक्षा, ढिगाखाली झाकली गेलेली अडचण उघडी पाडण्याचा उद्देश मोठा असतो. पेट्यांचा ढीग लागलेला असेल, तर यंत्र रोज तासभर बंद पडत असल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

हे गणित रोजच्या चढउतारांचे आहे. ट्रक दोन तास उशिरा आला तर काय होईल, याचे उत्तर त्यात असते. पुरवठादाराचा कारखानाच नाहीसा झाला तर काय होईल, हा प्रश्न त्यात कधीच घातलेला नसतो, कारण 10 टक्क्यांऐवजी 100 टक्के सुरक्षा-साठा धरला तरी पुरवठा जेमतेम आणखी अर्धा दिवस टिकेल. म्हणजे साठा कमी असल्यामुळे टोयोटा थांबली, हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. नेहमीच्या दुप्पट झडपा शिल्लक असत्या, तर लाइन मंगळवारऐवजी आठवड्याच्या अखेरीस थांबल्या असत्या. पुरवठा पुरता सावरायला लागलेला काळ पाहता साधारण आठवडाभराचा साठा, तोही प्रत्येक प्रकाराचा, ठेवावा लागला असता. झडप स्वस्त असल्याने ते परवडलेही असते. पण एका गाडीत हजारो प्रकारचे भाग असतात आणि आग यातल्या कोणत्या भागाच्या कारखान्याला लागणार, हे आधी ठाऊक नसते. म्हणून हिशेब एकट्या झडपेचा मांडून चालत नाही.

पहिले चार दिवस

ही घटना अगदी अवघड वेळी घडली होती. जपानमध्ये 1 एप्रिल 1997 पासून उपभोग कर 3 टक्क्यांवरून 5 टक्के होणार होता आणि त्याआधी गाडी घेऊन टाकण्यासाठी ग्राहकांची झुंबड उडाली होती. टोयोटाचे कारखाने जवळपास पूर्ण क्षमतेने चालत होते, तसेच पुरवठादारांचेही. कोणाकडेही रिकामे यंत्र पडून नव्हते.

शनिवारी सकाळीच आयसिनने आपत्कालीन कक्ष उभारला आणि आपली अडचण आपल्यापुरती न ठेवता टोयोटासह सगळ्या मोठ्या पुरवठादारांना कळवली. झडपांची रेखाचित्रे मागेल त्याला देण्यात आली. टोयोटाने आपले शेकडो अभियंते आयसिनकडे पाठवले. कोणता प्रकार कोणी करायचा, याची वाटणी सुरुवातीला ढोबळमानाने झाली आणि पुढे ज्याला जे जमते आहे असे दिसत गेले, त्याप्रमाणे ती बदलत गेली. एकूण 62 कंपन्यांनी झडपा बनवण्याचे काम अंगावर घेतले. त्यांना कच्चा माल, जिग (काम करताना भाग पक्का धरणारी साधने), कटिंग टूल आणि यंत्रे पुरवणाऱ्यांसह या कामात सहभागी झालेल्या कंपन्यांची संख्या दोनशेच्या वर गेली.

यांपैकी बहुतेकांकडे आयसिनसारखी खास यंत्रे नव्हती. त्यांच्याकडे सर्वसाधारण मशीनिंग सेंटर आणि मिलिंग यंत्रे होती. त्यामुळे आयसिनची कामाची पद्धत जशीच्या तशी उचलणे शक्य नव्हते. प्रत्येकाला त्याच रेखाचित्रापर्यंत आपल्या वाटेने पोहोचायचे होते. ठोकळा कसा धरायचा, आधी कोणते छिद्र घ्यायचे, ड्रिल कुठे मोडते, मोडू नये म्हणून फीड (ड्रिल आत सरकण्याचा वेग) किती कमी करायचा, हे सगळे नव्याने ठरवावे लागले. आयसिनच्या माणसांकडे याची उत्तरे असतीलच असे नव्हते, कारण त्यांचे कौशल्य जळून गेलेल्या यंत्रांवरचे होते. एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. ब्रदर ही शिलाई यंत्रे आणि टाइपरायटर बनवणारी कंपनी. मोटारीच्या भागांचा तिला अनुभव नव्हता. एक मिलिंग यंत्र या कामासाठी जुळवून घ्यायला तिला सुमारे 500 मनुष्य-तास लागले, आणि त्यानंतर त्या यंत्रावरून दिवसाला निघत होत्या अवघ्या 40 झडपा. हजारोंच्या गरजेपुढे हा आकडा हास्यास्पद वाटेल. पण अशी अनेक यंत्रे अनेक ठिकाणी एकाच वेळी चालू होती आणि टोयोटा सावरली ती अशा लहान आकड्यांच्या बेरजेवर.

प्रत्यक्ष वापरता येतील अशा दर्जाच्या पहिल्या झडपा आगीनंतर चार दिवसांच्या आत टोयोटाला मिळाल्या. त्या क्योरित्सु सांग्यो या लहान कंपनीच्या होत्या आणि ही कंपनी आयसिनची पुरवठादार, म्हणजे टोयोटापासून दोन पायऱ्या खाली होती. मोटारीचे भाग बनवणाऱ्या डेन्सोसारख्या बलाढ्य कंपनीच्या आधी तिने काम फत्ते करावे, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. मला त्यात फारसे आश्चर्य वाटत नाही. लहान कारखान्यात मालक, अभियंता आणि यंत्र चालवणारा एकाच टेबलाशी बसतात. मोठ्या कंपनीत यंत्र मोकळे करायचे म्हणजे आधी त्यावरचे काम दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावे लागते. डेन्सोने तेही केले. स्वतःचे काही काम बाहेर देऊन तिने यंत्रे रिकामी केली आणि पुढे मोठा वाटा उचलला.

नव्याने आलेली प्रत्येक झडप वापरायची की नाही, हा प्रश्न सर्वांत नाजूक होता. बासष्ट ठिकाणी, बासष्ट रीतींनी बनलेला ब्रेकचा भाग ग्राहकाच्या गाडीत बसणार होता. म्हणून नमुने आधी तपासून मंजूर केले जात आणि तयार माल पुन्हा तपासला जाई. घाईच्या काळात या पायरीवर वेळ घालवणे सोपे नसते. येथे तो घालवला गेला, आणि म्हणूनच 6 फेब्रुवारीपासून काही कारखाने पुन्हा सुरू होऊ शकले. बुडालेले उत्पादन सुमारे 70,000 वाहनांचे होते, पण त्यातला बराचसा भाग पुढे जादा काम करून भरून काढण्यात आला.

पैशांचा प्रश्न

या प्रकरणात मला सर्वाधिक विचार करायला लावणारी बाब तांत्रिक नाही. त्या आठवड्यात कोणीही दर ठरवून घेतला नव्हता. रेखाचित्रांवर हक्क कोणाचा, यंत्र बदलण्याचा खर्च कोण देणार, सदोष नग निघाल्यास जबाबदारी कोणाची, यांपैकी कशाचाही करार झाला नव्हता. काम आधी झाले, हिशेब नंतर. आयसिनने मदत करणाऱ्यांचा प्रत्यक्ष खर्च, म्हणजे मजुरी, यंत्रे आणि साहित्य, भरून दिला. टोयोटाने आपल्या पहिल्या फळीतील, म्हणजे तिला थेट माल देणाऱ्या, पुरवठादारांना त्या वर्षीच्या जानेवारी ते मार्च या तिमाहीतील त्यांच्या टोयोटाकडच्या विक्रीच्या 1 टक्क्याइतकी रक्कम कृतज्ञता म्हणून दिली. ही एकूण रक्कम सुमारे 15 अब्ज येन होती. मग अनेक पहिल्या फळीतील कंपन्यांनी तोच कित्ता आपल्या पुरवठादारांच्या बाबतीत गिरवला.

याला जपानी संस्कृतीचे कौतुक म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याने काहीच उलगडत नाही. या कंपन्या वर्षानुवर्षे एकमेकींच्या कारखान्यात जाऊन अडचणी सोडवत आलेल्या होत्या. खर्च कमी झाला तर फायदा वाटून घेण्याची रीत होती. आज मदत केली तर उद्याच्या ऑर्डरमध्ये तिची आठवण ठेवली जाईल, हा अंदाज अनुभवावर उभा होता. शिवाय लाइन बंद राहिल्या तर त्यांचेही काम बंद राहणार होते. जस्ट-इन-टाइममध्ये एका पुरवठादाराचा साठा नसतो तसाच दुसऱ्याचाही नसतो. त्यामुळे झडप नसेल, तर आसन बनवणाऱ्यालाही त्याच दिवशी थांबावे लागते. ज्या परस्परावलंबनामुळे संकट काही दिवसांत सगळीकडे पसरले, त्याच परस्परावलंबनामुळे प्रत्येकाला ते निस्तरण्यात तत्काळ स्वारस्य निर्माण झाले. याच पद्धतीचा साठ्यापुरता भाग उचलणाऱ्या कंपन्या, म्हणजे पुरवठादाराला रोज चार फेऱ्या मारायला लावून गोदामाचा खर्च त्याच्या माथी मारणाऱ्या आणि दरवर्षी दर कमी करून मागणाऱ्या कंपन्या, अशा वेळी कोणाला फोन करणार आणि पलीकडचा माणूस तो उचलेल कशाला?

हा उपाय जिथे लागू पडत नाही

आयसिनच्या यशाला एक अट होती आणि ती सहज नजरेआड होते. झडप म्हणजे अखेर धातूत पाडलेली छिद्रे. मशीनिंग हे कौशल्य आइची परिसरात शेकडो कारखान्यांत पसरलेले होते. खास यंत्रे जळाली, तरी हे काम सर्वसाधारण यंत्रांवर, संथ आणि महाग का होईना, करता येण्यासारखे होते. म्हणजे पुरवठादार एक असला तरी प्रक्रिया एकट्याची नव्हती.

16 जुलै 2007 रोजी निगाता प्रांतात भूकंप झाला आणि काशिवाझाकी येथील रिकेन कंपनीचा कारखाना बंद पडला. जपानमधल्या मोटारींसाठीच्या पिस्टन रिंगपैकी जवळपास निम्म्या ही कंपनी बनवत होती. टोयोटासह बहुतेक जपानी मोटार कंपन्यांना उत्पादन थांबवावे लागले. कारियाच्या आगीनंतर दहा वर्षांनी पुन्हा एक स्वस्त भाग, पुन्हा एकच जागा. या वेळीही शेकडो माणसे मदतीला धावली, पण भाग दुसरीकडे बनवण्याऐवजी तोच कारखाना पुन्हा चालू करण्यावर भर राहिला. इमारत आणि यंत्रे हलली होती, सरकली होती, पण जळाली नव्हती. त्यामुळे साधारण आठवडाभरात पुरवठा सुरू होऊ शकला.

11 मार्च 2011 च्या भूकंपानंतर मात्र चित्र बदलले. इबाराकी प्रांतातील रेनेसासच्या नाका कारखान्यात मोटारींसाठीचे मायक्रोकंट्रोलर, म्हणजे गाडीतील यंत्रणा नियंत्रित करणाऱ्या चिप, बनत, आणि वाहनांच्या मायक्रोकंट्रोलरच्या जागतिक बाजारात या कंपनीचा वाटा सुमारे 40 टक्के होता. मोटार कंपन्यांनी आणि त्यांच्या पुरवठादारांनी दिवसाला 2,500 पर्यंत माणसे दुरुस्तीसाठी पाठवली. मदतीची इच्छा 1997 पेक्षा तसूभरही कमी नव्हती. तरीही उत्पादन अंशतः सुरू व्हायला 1 जून उजाडला. कारण चिपचे रेखाचित्र फॅक्सने पाठवून ब्रदरसारख्या कंपनीला ती बनवता येत नाही. ती ज्या प्रक्रियेसाठी आखलेली असते, त्या प्रक्रियेबाहेर तिचा आराखडाच नव्याने करावा लागतो. मग तिची मोटारीसाठी तपासणी आणि मंजुरी होते, आणि वेफर (ज्या चकतीवर चिप घडवतात ती) आत गेल्यापासून चिप बाहेर येईपर्यंतच कित्येक आठवडे जातात.

याच वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. टोयोटाच्या पहिल्या फळीत अनेक पुरवठादार होते, दुसऱ्या फळीत त्याहून अधिक, त्यामुळे साखळी खाली रुंद होत जाणारा पिरॅमिड आहे, असे गृहीत धरले जात होते. प्रत्यक्षात तिसऱ्या-चौथ्या फळीत त्यातले बरेच धागे पुन्हा एकाच कंपनीपाशी येऊन मिळत होते. खरेदी विभागाने एका भागासाठी दोन पुरवठादार नेमलेले असत, पण ते दोघेही चिप त्याच कारखान्यातून घेत. कागदावरचे दोन पर्याय जमिनीवर एकच होते. 1997 मध्ये धोका पहिल्या फळीत, डोळ्यांसमोर होता, तरी त्याकडे दुर्लक्ष झाले. 2011 मध्ये तो मुळात दिसतच नव्हता.

त्यानंतर टोयोटाने खालच्या फळ्यांपर्यंत कोणता भाग कोणत्या ठिकाणी बनतो याची माहिती गोळा केली आणि साठ्याचे धोरण भागागणिक वेगळे केले. चिपच्या बाबतीत पुरवठादारांनी दोन ते सहा महिने पुरेल इतका साठा ठेवावा, अशी अपेक्षा ठरवली गेली. जस्ट-इन-टाइमची जन्मदाती कंपनीच साठा करायला सांगते, यात विसंगती आहे असे काहींना वाटले. कानबानचे वर दिलेले गणित पाहिले तर ती विसंगती उरत नाही. सुरक्षा-साठा पुन्हा भरण्याच्या कालावधीवर ठरतो. आयसिनच्या झडपेसाठी पर्यायी पुरवठ्याचा कालावधी आठवडाभराचा निघाला, चिपसाठी तो काही महिन्यांचा आहे. बदलला तो फक्त समीकरणातला एक आकडा, आणि तो पुरवठादाराच्या नेहमीच्या डिलिव्हरीवरून न काढता पर्याय उभा राहायला लागणाऱ्या वेळेवरून काढायला सुरुवात झाली. भागाची किंमत किंवा आकार यांचा त्याच्याशी थेट संबंध नाही. आजही अनेक कारखान्यांत महागड्या भागांवर सर्वाधिक लक्ष असते आणि पी-व्हॉल्व्हसारख्या हजार येनच्या भागाकडे कोणी ढुंकून पाहत नाही.

2021 मध्ये जगभर चिपची टंचाई झाली, तेव्हा या साठ्यामुळे टोयोटा सुरुवातीचे काही महिने इतर अनेक कंपन्यांपेक्षा बऱ्या स्थितीत राहिली. मात्र ऑगस्ट 2021 मध्ये, आग्नेय आशियातील पुरवठादार कोविडमुळे अडचणीत आलेले असताना, सप्टेंबरचे जागतिक उत्पादन मूळ योजनेपेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी कमी करण्याची घोषणा तिला करावी लागली. दोन ते सहा महिन्यांचा साठा एखादा कारखाना पुन्हा उभा राहीपर्यंत तग धरण्यासाठी ठरवलेला होता. मागणी आणि पुरवठ्याचे गणितच वर्षभर विस्कटले, तर तो किती पुरेल याचे उत्तर त्या आकड्यात नव्हते, आणि इतका काळ पुरेल एवढा साठा करणे कोणत्याही मोटार कंपनीला परवडण्यासारखे नाही.